डबल बेल

मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, आर्वी डेपोला. त्या तीस वर्षांत मी कधी कशाला भ्यालो असेन तर मला आठवत नाही. बढाई म्हणून सांगत नाही. जत्रेच्या गर्दीत टपावर चढलेली माणसं मी हाताला धरून खाली उतरवलीत. भर गाडीत दारू पिऊन बायांना त्रास देणाऱ्या एका दांडगटाला फाट्यावर उतरवलं, आणि तो खाली दगड घेऊन उभा असताना त्याच्याकडे पाठ करून डबल बेल दिली. आवाज तर असा, की बसस्टँडवर "वर्धा, वर्धा, वर्धा" म्हटलं की रसवंतीत बसलेला माणूस अर्धा ग्लास टाकून उठायचा. हे सगळं आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे सांगायचं आहे ते ह्याच माणसाबद्दल आहे, आणि त्यात त्याची अब्रू राहत नाही.

पार्किन्सन म्हटलं की लोकांना कापणारा हात दिसतो. माझ्याकडे हात नंतर आला, आधी भीती आली. नोकरीची दोन वर्षं बाकी होती. आर्वी-पुलगाव गाडी होती, दुपारची, निम्मी रिकामी. रोहणा मागे पडलं, सगळ्यांची तिकिटं झाली, मी माझ्या सीटवर टेकलो आणि पोटात असा गोळा आला की उठून उभाच झालो. कशाची भीती? कशाचीच नाही. खिडकीबाहेर कपाशी, आत दहा-पंधरा माणसं, एक म्हातारी शेंगा सोलून खात होती. पण छाती धाडधाड उडत होती, तळहाताला घाम, आणि डोक्यात एकच की आता काहीतरी होणार, आता होणार. मी दोरी ओढून एक बेल दिली. आमची भाषा साधी आहे, एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हरनं गाडी थांबवून मागे पाहिलं, "काय झालं बे?" मी म्हटलं, लघवीला जाऊन येतो. खाली उतरून बाभळीच्या आडोशाला उभा राहिलो आणि खरं सांगतो, मला रडू येत होतं.

हार्टचं असेल म्हणून वर्ध्याला जाऊन ईसीजीची पट्टी काढली. पट्टी चांगली निघाली. गॅस आहे म्हणाले. बायकोनं चहा बंद केला, वांगं बंद केलं, हरभऱ्याची डाळ बंद केली. भीती काही बंद झाली नाही.

रिटायर झालो तेव्हा वाटलं आता सुटलो. रविवारी सकाळी आम्ही दोघं विहारात जायचो. वंदनेला पुढे बसायचा माझा मान होता, आवाजामुळे. एका रविवारी पंचशील म्हणताना बायकोनं कोपरानं मला ढोसलं. मी डोळ्यांनीच विचारलं, काय? बाहेर आल्यावर म्हणाली, "हात जोडले तरी अंगठा चालूच हाय तुमचा. कोणाले तिकीट फाडून देऊन राह्यले?" मी हात पाहिला. अंगठा आणि बाजूचं बोट एकमेकांवर घासत होते, गड्डीतून एकेक तिकीट सुटं करावं तसे. मी थांबवला. दुसरीकडे पाहिलं की पुन्हा सुरू. ती हसत होती. मीही हसलो. पुढचे दोन-तीन महिने त्यावर आम्ही पुष्कळ हसलो.

मग डॉक्टर झाले, नाव कळलं, गोळ्या लागल्या. डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं. हात कापेल, अंग आखडेल, चाल बारीक होईल, आवाज बसेल, दारात पाय चिकटल्यासारखा होईल. एकेक बोट दुमडून सांगितलं. त्यात भीती नव्हती. मीही विचारलं नाही. मला वाटलं ही भीती बिमारीची नाही, ही माझी स्वतःची आहे. म्हातारपणी माझाच पिंड उघडा पडला असं वाटलं, आणि असली गोष्ट माणूस चारचौघांत काढत नसतो.

गोळ्या दिवसातून चार. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात. गोळी लागली की मी बरा माणूस असतो. चालतो, बोलतो, पेपर वाचतो, बायकोच्या खोड्या काढतो. मग गोळी उतरायला लागते. आणि उतरते ती अशी, की आधी भीती येते आणि हात वीस-पंचवीस मिनिटांनी येतो. हे नीट लक्षात ठेवा. हात अजून गपगार मांडीवर पडलेला असतो, बघणाऱ्याला वाटतं माणूस मजेत बसलाय, आणि आत माझी पाचावर धारण बसलेली असते. सिलिंडर बंद केलं का? कडी लावली का? मुलाचा फोन रविवारी आला नाही, त्याला काही झालं का? त्याला काही झालेलं नसतं, तो पुण्याला आपल्या कंपनीत असतो. मी बायकोला तीनदा विचारतो. तिसऱ्यांदा ती म्हणते, "हाव ना बाप्पा, बंद हाय, मीच बंद केलं," आणि मला तिचा राग येतो, माझाही येतो, आणि भीती तिथल्या तिथे.

लोक सांगतात, मन घट्ट करा. मुलगा फोनवर सांगतो, बाबा मनावर घेऊ नका. विहारातला एक जण म्हणाला, ध्यानाला बसत जा, चित्त स्थिर होईल. अरे, चित्त स्थिर करायला बसतो तेव्हाच तर भीती छातीवर येऊन बसते! मन घट्ट करा म्हणजे काय, ते काय चाकाचे नट आहेत, पान्हा लावला आणि आवळले? ज्यानं हे एकदा भोगलं तो कोणाला असा सल्ला देणार नाही.

एकदा सकाळी किराण्याच्या दुकानात साखर घ्यायला गेलो. पिशवी धरताना हात सुटला, साखर सांडली. मागचा माणूस म्हणाला, "काका, सकाळी सकाळी लावून आले का?" जन्मात मी दारूला शिवलो नाही. चाळीस वर्षं पंचशीलाचं पाचवं शील तोंडानं म्हटलं आणि पाळलंही. जुना मी असतो तर त्याची गचांडी धरली असती. मी काय केलं, तर मान खाली घालून घरी आलो आणि त्यानंतर दुकानात गेलो नाही. मग विहारातही गेलो नाही. मग दवाखाना सोडला तर अंगणाच्या फाटकाबाहेरही गेलो नाही.

आवाज तर डॉक्टर म्हणाले होते तसा बसलाच. खोलीतून हाक मारली तर स्वयंपाकघरात पोचेना. मग मला कल्पना सुचली. डेपोतल्या जुन्या सोबत्याकडे भंगारातल्या गाडीची पितळी घंटी होती, ती मागून आणली. स्वयंपाकघराच्या चौकटीवर ठोकली आणि तिची दोरी खिळ्याखिळ्यांवरून माझ्या खाटेपर्यंत आणली. नियम गाडीचेच ठेवले. एक बेल म्हणजे थांब, जे करत असशील ते सोड आणि ये. दोन म्हणजे सगळं ठीक आहे, जा, कर तुझं काम. ती दुकानात निघाली, आंघोळीला निघाली, की दारातून विचारायची, "देता का डबल बेल?" मी द्यायचो, मग ती जायची. सुरुवातीला त्यात मजा होती. ती शेजारणीला सांगायची, "मी कंडक्टरची बायको हावो. डबल बेलबिगर माह्यी गाडी हालत नाई."

हे वाक्य तिचं नव्हतं. ते तिच्या आईचं होतं. माझी सासू रोहण्याला राहायची. मी आर्वी-पुलगाव गाडीवर असलो की ती फाट्यावर येऊन उभी असायची, पदराखाली डबा. भाकर, झुणका, कधी अंबाडीची भाजी. ड्रायव्हर घाई करायचा, पण ती खिडकीशी येऊन डबा हातात दिल्याशिवाय हलायची नाही, आणि गाडीतल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणायची, "हे माह्ये जवाई. यायनं घंटी वाजवल्याबिगर गाडी हालत नाई." लोक हसायचे. मी लाजायचो आणि डबल बेल द्यायचो. गाडी दूर जाईपर्यंत ती तिथेच उभी असायची. तेवढा डबा मला माझ्या आईनंही कधी आणून दिला नाही.

हात कापायला लागला की बेलची मात्र फजिती व्हायची. मला द्यायची असायची एक, आणि हात ऐकायचा नाही. टण टण टणटण टण. बायको आतून ओरडायची, "आली वो माय, आली! का आग लागली?" मग येऊन दोरी माझ्या हातातून सोडवायची, तेव्हा ती घंटी थांबायची.

एक-दोन वर्षांत मजा गेली. भीतीला बायकोच्या जाण्याचीच चटक लागली म्हणा ना. ती फाटकाबाहेर पडली की मला वाटायचं आता ही येत नाही. रस्त्यात हिला ट्रक उडवणार. किंवा ही आहे तिकडे आणि इकडे मी संडासच्या दारात अडकून पडणार, पाय उचलणार नाही, तिथेच जीव जाणार. आधी मी डबल बेल द्यायला उशीर करू लागलो. मग दिल्यावर लगेच एक देऊन तिला परत बोलावू लागलो. "काय जी?" "काई नाई, पाणी." पाणी उशाशीच असायचं. ती बघायची, मी बघायचो. हळूहळू तिचं महिला मंडळ सुटलं, बाजार सुटला, भाजी शेजारीण आणून देऊ लागली. आता बायांना एसटीत अर्ध्या तिकिटात जाता येतं, सगळ्या बाया कुठे कुठे फिरून येऊन राहिल्यात, आणि कंडक्टरची बायको घरात. तिनं तक्रार केली नाही. तिनं भांडायला पाहिजे होतं, असं मला आता वाटतं.

त्याच सुमाराला दवाखान्यात एक नवी डॉक्टरीण आली, तरुण. तिनं हात बघितला, चालून दाखवायला लावलं, आणि मग सहज विचारलं, "काका, भीती वाटते का? उगाच घाबरल्यासारखं? गोळीची वेळ जवळ आली की?" तिनं नेमकं विचारलं हो. मला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. बायको बाजूच्या खुर्चीत बसली होती. मी म्हटलं, "छे! भीती? मी एसटीत होतो मॅडम." डॉक्टरीण हसली आणि कागदावर पुढचं लिहायला लागली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं.

मग सासू पडली. नव्वदीच्या घरातली बाई, मांडीचं हाड मोडलं, खाटेला लागली. मेहुण्याचा फोन आला की बायको सगळं विचारायची, जेवली का, पाठीला जखमा झाल्या का, कोण कूस बदलते. फोन ठेवून कामाला लागायची. रोहणा आमच्या घरापासून किती लांब? गाडीनं पाऊण तास. पहिला महिना गेला, दुसरा गेला, ती गेली नाही. म्हणजे मी जाऊ दिलं नाही. "जा" म्हणायचो आणि त्या दिवशी सकाळी काहीतरी काढायचो. एकदा चक्कर आली म्हटलं. एकदा खरंच आली.

एका संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. स्पीकर चालू होता, मी ऐकलं. "बाई, आईनं दोन दिवस झाले अन्न सोडलं. तुह्यंच नाव घेऊन राह्यली. उद्या येऊन जाजो. नाईतर मंग..."

तिनं रात्रीच्या स्वयंपाकाआधीच सगळं लावून ठेवलं. अकराची गोळी एका वाटीत, तीनची दुसऱ्या वाटीत, वर झाकणं. शेजारीण दहाला येऊन बसणार होती, ही पाचच्या आत परत. मी म्हटलं, "जाय ना, खुशाल जाय. दोन दिवस राह्यली तरी चालते. मी का लहान लेकरू हावो?" हे मी मनापासून म्हटलं होतं. सातची गोळी लागलेली होती. गोळी लागलेली असली की मी शूर असतो.

सकाळी तिनं धुतलेलं पांढरं पातळ नेसलं. पिशवीत आईसाठी मऊ गाऊन, एक चादर, आणि डब्यात पातळ खिचडी. गाडी दहा चाळीसची, आमचं घर स्टँडच्या मागेच. शेजारीण अंगणात मेथी निवडत बसली होती. दहा वाजून पंधरा मिनिटांनी भीती आली. घड्याळ माझ्या समोरच आहे, म्हणून वेळ सांगता येते. मी स्वतःला सांगितलं, गोळी उतरून राहिली, बाकी काही नाही, अकराला गोळी आहे, शेजारीण आहे. हे सगळं मला कळत होतं. कळून काय होतं? आतून कोणी कळवळून सांगत होतं की ही गेली तर तू मेलास, आणि त्याच्यापुढे माझी अक्कल मुक्यासारखी उभी होती.

दहा वाजून अठरा मिनिटांनी ती चपला घालून उंबऱ्यात उभी झाली, तोंड बाहेर, पाठ माझ्याकडे. पिशवी खांद्याला. "जातो मी," म्हणाली. "द्या डबल बेल."

मी दोरी धरली आणि ओढली. टण्. एक.

ती थांबली. दुसरीची वाट पाहत थांबली. दोरी माझ्या मुठीत होती.

इथे मला नीट सांगितलं पाहिजे. नंतर सगळे म्हणाले की माझा हात अडकला. हात अडकला नव्हता. हात अजून यायचाच होता, त्याला वीस मिनिटं बाकी होती. हात चांगला होता, शाबूत होता, दुसरी बेल देऊ शकत होता. मी दिली नाही. एक बेल म्हणजे थांब, हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि मी एकच दिली.

किती वेळ ती तशी उभी होती सांगता येत नाही. मला फार वेळ वाटला. मग तिनं आधी उजवी चप्पल काढली, मग डावी. अंगणात शेजारीण म्हणाली, "काऊन वो, निंगाली नाई?" ही म्हणाली, "आज नाई जमत वाटते. यायची तब्येत बरोबर दिसत नाई." पिशवी आत नेऊन ठेवली, खिचडी पातेल्यात काढली, आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. स्टँडवरून दहा चाळीसची गाडी सुटली, तिचा आवाज आमच्या घरात येतो. मग हात कापायला लागला. आणि मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण खोटं लिहून काय करू? ती घरात होती, आणि मला बरं वाटलं.

सासू दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. फोन साडेसातला आला.

रोहण्याला आम्ही शेजारणीच्या भावाच्या गाडीत गेलो. आम्ही म्हणजे मीही. मला सोडून तिला जाता येत नव्हतं ना! आईला अंगणात ठेवलं होतं. ही तिच्या डोक्याशी बसली, तोंडावरून हात फिरवत. रडली नाही, पुटपुटत होती काहीतरी. अकरा वाजायला आले तसा मी खुर्चीत चुळबुळायला लागलो. माझ्याकडे तिचं लक्ष होतंच. ती आईच्या उशापासून उठली, माणसांतून वाट काढत माझ्याजवळ आली, गोळी दिली, पाणी पाजलं, माझी हनुवटी पदरानं पुसली. परत जाईस्तोवर बायांनी आईला आंघोळीला उचललं होतं, आणि तिची जागा गेली होती.

मेहुणा नंतर तिला म्हणाला, "काल काऊन नाई आली बाई? दिवसभर दाराकडं पाहत होती आई." मी खाली पाहत होतो. ही म्हणाली, "निंगालीच होती रे. ऐनवेळी यायचा हात अडकला, दोरी सोडवता सोडवता गाडी गेली." मेहुण्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "तुमचा का दोष भाऊजी. बिमारीच तशी." सगळ्यांनी तेच म्हटलं. बिचाऱ्याचा हात साथ देत नाही. मी मान हलवली. कापणारा हात सगळ्यांना दिसत होता, त्यामागे लपायला भरपूर जागा होती. आणि मला वाटलं, हिलाही तसंच वाटतं. बरं झालं.

महिनाभरानं दवाखान्यात तीच डॉक्टरीण होती. तिनं काही विचारायच्या आधीच मी बोललो. "मॅडम, मले भेव लागते." आवाज बसलेला, तिला ऐकू गेलं नाही, दोनदा सांगावं लागलं. मग सगळं सांगितलं, बाभळीपासून. फक्त बेलचं सांगितलं नाही. ती म्हणाली, "काका, ही भीतीसुद्धा ह्याच आजाराची आहे. हाताइतकीच. आधी का नाही सांगितलं?" तिनं गोळ्यांच्या वेळा बदलल्या, दिवसातून एक जास्तीची केली, आणि एक वेगळी गोळी वाढवली. इतकंच. सव्वा महिन्यात मी बायकोला दुकानात जाऊ देऊ लागलो. दोन महिन्यांत ती विहारात जाऊन आली. भीती गेली नाही, येतेच अजून, पण छातीवर चढत नाही, दारात उभी राहते.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण जी गोष्ट एका कागदावर दोन ओळी लिहून बरी होणार होती, तिच्यापायी मी एका बाईला तिच्या लेकीचं तोंड पाहू दिलं नव्हतं. ज्या दिवशी डॉक्टरणीनं विचारलं, त्याच दिवशी "हो" म्हणालो असतो तर? हा हिशोब मी रोज करतो आणि रोज तो तसाच निघतो.

यंदा सासूला जाऊन वर्ष झालं. तिच्या स्मृतीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, रोहण्याला. बायको एकटी जाणार होती, दहा चाळीसच्या गाडीनं. तेच पांढरं पातळ, तीच पिशवी. शेजारीण यायची होती. मी रात्रीपासून ठरवलं होतं की आज सांगायचं. तिचा भाऊ मला पुन्हा बिचारा म्हणणार, आणि ती पुन्हा हात अडकल्याचंच सांगणार, हे मला सहन होईना. ती चपला शोधत होती.

मी म्हटलं, "थांब जराशी. एक सांगाचं हाय."

"गाडी जाईन माह्यी."

"त्या दिवशी माह्या हाताले काई झालं नोतं. हात चांगला होता. दुसरी बेल मीच देली नाई."

तिनं चप्पल पायात घातली. दुसरी घातली. मग म्हणाली, "माईत हाय मले."

मी विचारलं, "कधीपासून?"

"त्याच वक्तापासून." ती माझ्याकडे वळली. वर्षभर जे बोलली नव्हती ते अगदी शांत आवाजात बोलली, भाजीचं सांगावं तसं. "तुमचा हात कापते तवा बेल धा खेपा वाजते जी. मले सोडवाव लागते. त्या दिवशी एकच वाजली. कापत्या हातानं एकच बेल निंगते का कधी? दारात उभ्या उभ्याच समजलं मले."

माझ्या तोंडून निघालं, "मंग तुह्या भावाले खोटं काऊन सांगतलं?"

"मंग काय सांगू? आई मरून राह्यली होती अन् माह्या नवऱ्यानं मले सोडलं नाई, असं सांगू? भर मयतात?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. मग खाली आला. "दुसरी देसान म्हणून थांबली होती मी. लय वेळ थांबली."

ती पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यात जाऊन उभी राहिली, तोंड बाहेर, पाठ माझ्याकडे.

"द्या आता," म्हणाली. "अन् दोन द्या."